भाईंदरच्या बाजारात ॲमेझॉन

भाईंदर सोडून लोकल नायगावकडे निघाली की दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसतं. ही वसईची खाडी. हिच्यात डोंगरातलं गोडं पाणी आणून ओतते ती उल्हास नदी. राजमाचीच्या बाजूला उगम पावायचं, कर्जत, बदलापूर, कल्याण करत यायचं आणि इथे समुद्राला मिळायचं, एवढा तिचा प्रवास. लांबी १२२ किलोमीटर. आणि दक्षिण अमेरिकेतली ॲमेझॉन? सुमारे ६,४०० किलोमीटर! आपली उल्हास पन्नास वेळा एकापुढे एक मांडली तरी थोडी कमीच पडेल.

एवढ्या मोठ्या नदीत मासेही तसेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातल्या माशांच्या अडीच हजारांहून जास्त जाती सापडल्या आहेत. आफ्रिकेतल्या काँगो नदीत पोट वर करून, उलटा पोहणारा मासा आहे. नाईल नदीत विजेचा झटका देणारा मासा आहे आणि त्याचं चित्र इजिप्तच्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी थडग्यांच्या भिंतींवर कोरून ठेवलंय. झटका बसल्यावरच कोरलं असणार, दुसरं काय!

आता मला सांगा, ॲमेझॉनचा मासा हातात घेऊन बघायचा असेल तर कुठे जावं लागेल? ब्राझीलला? छे. रविवारी सकाळी आईबाबांबरोबर पिशवी घेऊन मासळीबाजारात जा.

उत्तन-चौकच्या कोळीण मावश्यांच्या टोपल्यांत तो नसतो. तिथे बोंबील, सुरमई, कोळंबी, सगळी समुद्राची मासळी. तुम्ही रोहू-कटल्याच्या गाळ्यावर जा. तिथे बर्फावर एक चपटा, गोलसर मासा पडलेला असतो. पाठ राखाडी, पोटाकडे लालसर झाक. लांबून पाहिलं तर पापलेटच वाटावं. त्याला म्हणतात रूपचंद. विकणाऱ्या दादांना विचारा, "दादा, याचं तोंड उघडून दाखवता का?" ते आधी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, पण दाखवतील. वाकून नीट बघा. ओळीने बसलेले, चौकोनी, सपाट डोक्याचे दात. आरशात आपण आपले दात बघतो ना, थेट तसे. माशाच्या तोंडात माणसाचे दात कुणी बसवले?

तर हा रूपचंद म्हणजे ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांमधला पाकू. भारतात तो या शतकाच्या सुरुवातीला बांगलादेशमार्गे आला आणि शेततळ्यांत भराभर वाढतो म्हणून सगळीकडे पसरला. त्याचे दात तसे का, हे समजायला त्याचं मूळ घर बघायला हवं. ॲमेझॉनला पूर येतो तो आपल्यासारखा दोन दिवसांचा नव्हे. पाणी महिनोन्‌महिने चढतं, काही भागांत १० मीटरहून जास्त. मीरारोडला कुणी तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर त्याच्या खिडकीशी नदी आली समजा. या पुरात मैलोन्‌मैल जंगल बुडतं. झाडं उभीच असतात, फळंही धरतात, आणि मासे थेट फांद्यांमधून पोहत फिरतात! पाकू फळांच्या झाडाखाली जाऊन थांबतो. वरून फळ पडलं, डुबुक असा आवाज आला, की झडप. कठीण बी असलं तरी सपाट दातांनी कडाकड फोडून खातो. काही बिया मात्र न फुटताच पोटात जातात आणि काही किलोमीटर पुढे जाऊन बाहेर पडतात. पाणी ओसरलं की तिथे नवं झाड उगवतं. आपल्याकडे वडा-पिंपळाच्या बिया पक्षी पसरवतात, तिकडे हे काम मासेही करतात.

रूपचंदाचा चुलतभाऊ ठाऊक आहे? सिनेमात ज्याला बघून सगळे किंचाळतात तो पिरान्हा. एकाच कुळातले दोघे. पिरान्हाचे दात त्रिकोणी, करवतीसारखे, याचे सपाट. आणि गंमत बघा, लाल पोटाचं पाकूचं पिल्लू हुबेहूब पिरान्हासारखं दिसतं. त्यामुळे मधूनमधून कुठल्यातरी गावात 'तळ्यात पिरान्हा सापडला' अशी बातमी येते, लोक पोहायला घाबरतात, आणि नंतर कळतं की तो आपला बिचारा रूपचंद होता. मूळ पिरान्हाही सिनेमात दाखवतात तेवढा खुनशी नसतोच. दिसलं माणूस की फडशा पाडला, असं तो करत नाही.

दुसरा पाहुणा तर कदाचित तुमच्या सोसायटीच्या कारंज्यात किंवा आजोळच्या विहिरीत असेल. गप्पी मासा! डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं तो साठलेल्या पाण्यात सोडतात. जेमतेम बोटाच्या पेराएवढा. शेपटीवर रंगीत ठिपके असलेला तो नर. मादी मोठी असते, पण रंगाने साधी. अंडी घालायच्या भानगडीत ती पडत नाही, थेट पोहती पिल्लं देते. गप्पीचं घर त्रिनिदाद बेट आणि व्हेनेझुएला, गयानाच्या बाजूच्या ओढ्यांत. भारतात त्याला येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.

या गप्पीवर जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने एक भन्नाट प्रयोग केला. त्रिनिदादच्या ओढ्यांत त्याला दिसलं की जिथे गप्पीला खाणारे मोठे मासे आहेत तिथले नर फिकट, आणि जिथे तसे शत्रू नाहीत तिथले नर झगमगीत. मग १९७६ साली त्याने शत्रूंच्या ओढ्यातले फिकट गप्पी उचलले आणि मोठे शिकारी मासे नसलेल्या एका ओढ्यात नेऊन सोडले. दोनच वर्षांनी जाऊन बघतो तो काय, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या अंगावर जास्त ठिपके, जास्त रंग! शिकारी नाही म्हटल्यावर लपायची गरज संपली, आणि माद्यांना तर भडक रंगाचेच नर आवडतात. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण वाचतो. इथे ती दोन वर्षांत डोळ्यांना दिसली.

आता आफ्रिकेकडे वळू. पण त्याआधी एक कोडं. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे. गोड्या पाण्यातला मासा तो पोहून पार करेल कसा? तरी दोन्हीकडे एकमेकांचे नातेवाईक मासे आहेत. फुप्फुसमासा घ्या. नावाप्रमाणे याला फुप्फुसं असतात. आफ्रिकेत तळं आटायला लागलं की तो चिखलात बीळ करून गुडूप झोपतो, अंगाभोवती चिकट द्रवाचं आवरण करतो, आणि पाणी परत येईपर्यंत महिनोन्‌महिने हवेवर जगतो. याचा जवळचा भाऊबंद ॲमेझॉनच्या दलदलीत आहे. दोघं दोन खंडांवर कसे?

कारण त्यांचे पूर्वज होते तेव्हा हे दोन खंड वेगळे नव्हतेच. गोंडवन नावाचा एकच अवाढव्य भूभाग होता आणि आपला भारतही त्यालाच चिकटलेला होता. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका कायमची दुरावली. मग भारतात फुप्फुसमासे नव्हते का? होते की! नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी राहत. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. दगड आणि जीवाश्म गोळा करायचा त्यांना भारी नाद. गडचिरोलीच्या सिरोंचा भागातून प्राणहिता नदी ओलांडली की पलीकडे, आजच्या तेलंगणात, मलेरी गाव लागतं. तिथल्या लाल मातीच्या खडकांत फुप्फुसमाशांचे दात मिळाले, २० कोटी वर्षांहून जुने. १८५९ साली भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी त्यातल्या एका जातीला हिस्लॉप यांचंच नाव दिलं. आता भारतात जिवंत फुप्फुसमासा एकही उरलेला नाही, पण दाताचा पुरावा कोण खोडणार?

म्हणजे बघा, निसर्गाने कोट्यवधी वर्षं खर्चून या माशांची वाटणी केली. ही तुझी नदी, ही माझी. आणि माणसाने? माणसाने डबे, पिशव्या आणि विमानं आणली.

१९५२ साली श्रीलंकेतून तामिळनाडूतल्या मंडपमला एक मासा आणला गेला. तिलापिया. मूळचा आफ्रिकेच्या आग्नेयेकडच्या, झांबेझीसारख्या नद्यांमधला. पुढे त्याचा नाईलवाला भाऊही आला. तिलापियाची आई मोठी हुशार. अंडी घातली की ती तोंडात भरून घेते. पिल्लं निघाल्यावरही धोका दिसला की सगळी फौज परत आईच्या तोंडात! तेवढे दिवस ती जवळजवळ उपाशीच असते. एवढी काळजी घेतल्यावर पिल्लं वाचणारच. त्यात याला गोडं पाणी चालतं, मचूळ चालतं, घाण पाणीही चालतं. मग काय, देशभरच्या तलावांत आणि धरणांत तिलापियाच तिलापिया. सोलापूर-पुण्याकडे उजनी धरणावर याला 'चिलापी' म्हणतात आणि भिगवणला लोक मुद्दाम ती खायला जातात. भिगवणची चिलापी खाणाऱ्याला ती भीमा नदीचीच वाटते. चवीला झकास असते, हे मात्र मान्य.

शेवटचा पाहुणा मात्र खाण्यातला नव्हे, बघण्यातला. मीरारोडच्या कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात जा. टाकीच्या काचेला पोटाकडून चिकटलेला, काळसर, खरखरीत मासा दिसेल. दुकानदार सांगेल, "सकर आहे, टाकी साफ करतो." काचेच्या या बाजूने त्याचं तोंड बघायला मजा येते. खालच्या बाजूला गोल ओठ, ते काचेवर घट्ट दाबलेले, आणि त्यांतून बारीक दातांची खरवड चाललेली. अंगावर खवले नाहीत, हाडांची चिलखतं आहेत. हाही ॲमेझॉनकडचाच. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवेचा घोट घेतो आणि चक्क पोटाने श्वास घेतो.

दुकानात तो बोटभर असतो. पण वाढत वाढत फूट-दीड फूट होतो. दोन फुटी टाकीत दीड फुटी मासा! शेवळं खाऊन त्याचं पोट भरत नाही, टाकी साफ करायची सोडून तोच घाण करायला लागतो. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, "सोडून या तळ्यात. बिचारा मोकळा फिरेल." आणि पिशवी निघते नवघरच्या, नाहीतर मुर्ध्याच्या तलावाकडे.

तिथेच सगळा घोळ होतो. सकर काठाच्या मातीत बिळं खणून त्यांत अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. काट्यांनी जाळी फाटतात. चिलखतामुळे त्याला खाणारं कुणी नाही, आणि बाजारात विकत घेणाराही नाही. वाराणसीजवळ गंगेत तो सापडला, केरळच्या कालव्यांत आहे, आणि उजनीतही पोहोचलाय. म्हणजे आता आफ्रिकेची चिलापी आणि ॲमेझॉनचा सकर यांची गाठ सोलापूरच्या भीमेवर पडली आहे! मेक्सिकोत अशीच गाठ पडली होती. इन्फिएर्निओ नावाच्या धरणात तिलापियाची प्रचंड मासेमारी चाले. सकर शिरला आणि कोळ्यांच्या जाळ्यांत खाण्याजोग्या मासळीऐवजी तोच भरू लागला.

याहून मोठी गोष्ट व्हिक्टोरिया सरोवराची. आपल्या खाडीतला जिताडा तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्याच वंशातला, पण दोन मीटरपर्यंत वाढणारा नाईल पर्च हा मासा. प्राचीन इजिप्तमध्ये त्याची पूजा होई, मेल्यावर ममी करून ठेवत. १९५० च्या दशकात हा 'देव' व्हिक्टोरिया सरोवरात सोडला गेला. तिथे इवल्याशा रंगीत माशांच्या शेकडो जाती होत्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. पर्चने त्या खायला सुरुवात केली. सुमारे २०० जाती नाहीशा झाल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. लोकांना मोठा मासा खायला मिळावा, एवढाच होता.

आपल्याकडे आफ्रिकन मांगूर नावाच्या एका खादाड माशाच्या पैदाशीवर २००० सालीच बंदी आली. सकरच्या पिशवीवर मात्र कोण पहारा ठेवणार? ते काम तुमचं. तुमच्या टाकीतला मासा मोठा झाला असेल तर तलावात, खाडीत, नाल्यात, अगदी सोसायटीच्या कारंज्यातसुद्धा सोडू नका. दुकानदाराला परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या मित्राला द्या. आणि नवा मासा घ्यायच्या आधी दुकानात एकच प्रश्न विचारा, "दादा, हा पूर्ण वाढला की केवढा होतो?"