पावणेतीन एकर आभाळ

60 मीटर लांबीचं पातं एका फेरीत 11,300 चौरस मीटर आभाळ झाडून काढतं, म्हणजे जवळपास पावणेतीन एकर. मिनिटाला 14 फेऱ्या धरल्या, तर पात्याचं टोक ताशी सुमारे 317 किलोमीटर वेगाने पळतं. खालून बघणाऱ्याला मात्र पवनचक्की संथच वाटते. जमिनीवरच्या भक्ष्यावर नजर लावून घिरट्या घालणाऱ्या गरुडाला बाजूने येणारं पातं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत 1980 च्या दशकात पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं. संख्या 5 हजारांच्या घरात गेली. त्या टेकड्यांवर बिळात राहणाऱ्या खारींचा सुकाळ, म्हणून सोनेरी गरुडांचाही राबता. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अंदाज दिला: वर्षाला 67 सोनेरी गरुड आणि एकूण 1,127 शिकारी पक्षी ठार.

अमेरिकेत मांजरं दरवर्षी किमान 130 कोटी पक्षी मारतात, मग 67 ची काय कथा, असं विचारलं जातं. हा हिशेब मला साफ नामंजूर आहे. मांजराच्या तोंडी चिमण्या जातात, गरुड नव्हे. सोनेरी गरुड वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी विणीला लागतो, बहुधा दोनच अंडी घालतो आणि पुष्कळदा एकच पिल्लू जगतं. अशा पक्ष्याच्या बाबतीत 67 हा आकडा भयंकर आहे.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरचा आकडा वेगळाच आहे. तिथे मोजले गेले ते जिवंत पक्षी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्या नसलेल्या जागांच्या तुलनेत पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जेमतेम चौथाई आढळले आणि सरडे तिप्पट. वरून झडप घालणारे कमी झाले, तसं सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही उतरलं. माणूस पार जवळ येईपर्यंत ते पळेनात.

कोळशाला पर्याय हवाच, आणि वाऱ्याइतका चांगला पर्याय थोडाच मिळतो. भारताची पवनऊर्जेची क्षमता 2025 मध्ये 50 हजार मेगावॉटच्या पुढे गेली. उपायही हाताशी आहेत. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं प्रत्येकी एक पातं काळं रंगवलं, तर तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 72 टक्क्यांनी घटले. पण पहिला उपाय जागा निवडतानाच करायचा असतो: आधी तिथले शिकारी पक्षी मोजा, मग खांब रोवा. आपल्याकडे 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. तो व्हायला हवा.