रेडिओ मॉड्यूल : निरोप सर्वांना की एकालाच?

हत्तींच्या कळपांचा ठावठिकाणा छत्तीसगडमधील गावकऱ्यांना कळावा, यासाठी आकाशवाणीच्या रायपूर केंद्राने २०१७ मध्ये 'हमर हाथी हमर गोठ' हे वार्तापत्र सुरू केले. असे प्रसारण सर्वांसाठी असते. ते कोणी ऐकले, हे मात्र केंद्राला कळत नाही. हत्ती दिसताच गावोगावचे भोंगे वाजवण्यासाठी छोटी बिनतारी रेडिओ मॉड्यूल जोडायची ठरवली, तरी हाच प्रश्न उभा राहतो.

आयईईई ८०२.१५.४ या प्रचलित मानकानुसार प्रत्येक मॉड्यूलला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र पत्ता मिळतो. जोडणी करताना त्याला १६ बिटांचा लहान पत्ताही देता येतो. चॅनल आणि जाळ्याचा क्रमांक मात्र सर्वत्र सारखाच हवा. तो चुकला तर पुढचे सारे व्यर्थ.

संदेश एकाच पत्त्यावर पाठवला, तर त्याची पोच मागता येते. ती आली नाही, तर संदेश पुन्हा धाडता येतो. 'एफएफएफएफ' हा पत्ता सर्वांसाठी राखीव आहे. त्यावरील संदेश टप्प्यातील प्रत्येक मॉड्यूल स्वीकारते, पण पोच कोणीच देत नाही. सर्वांनी एकदम पोच दिली, तर त्या एकमेकींत मिसळून काहीच हाती लागणार नाही.

म्हणून इशारा आधी सर्वांना द्यावा आणि मग प्रत्येक भोंग्याकडे त्याच्या पत्त्यावर विचारणा करावी. दोन मॉड्यूलना चुकून एकच लहान पत्ता दिला गेला असेल, तर बंद पडलेल्या भोंग्याच्या नावावर दुसऱ्याचीच पोच जमा होते, आणि गाव झोपेतच राहते.