अँपियरचा काटा

संपादकांनी मला झाशीला पाठवलं ते तिथल्या मराठी घरांवर लिहायला. नेवाळकरांच्या काळात इकडून गेलेली कुटुंबं, १८४२ साली ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं ते मंदिर, लक्ष्मी तलावाकाठची गंगाधररावांची छत्री, अशी यादी वहीत करून मी निघालो होतो. पहिल्याच घरी वही मिटली. चौकात, तुळशीपासून दोन हातांवर, एक काळी बुलेट उभी होती. तिच्या उजव्या अंगाला पाटावर बसून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ इंजिनाच्या उघड्या झडपेत दोन बोटं घालून काहीतरी फिरवून बघत होते. मान न वळवता म्हणाले, "या, बसा. दोन मिनिटं थांबायला पडेल. गाडी आत्ता थंड आहे, हे आत्ताच होतं."

'थांबायला पडेल' हे झाशीचं मराठी. पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलेली भाषा असंच वळण घेणार, आणि मला ते वळण फार गोड वाटलं. पुढचे चार दिवस मी त्याच घरी जात राहिलो. दुसऱ्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि मी त्यांच्यासाठी 'अरे' झालो. "माझं नाव कशाला? गाडीचं लिही," एवढीच त्यांची अट होती.

गाडी १९७६ची, ३५० सीसी, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. काकांनी ती १९८३ मध्ये वापरलेली घेतली. तेव्हा ते झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. १८९५ पासून चालत आलेलं हे वर्कशॉप मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करतं, आणि त्या कामाची सवय काकांच्या बोलण्यात अजून आहे. मिलिमीटर त्यांच्या तोंडी येत नाही. ते सुतात आणि थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात.

त्या पहिल्या दिवशी ते टॅपेट बघत होते. सिलिंडरच्या उजव्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं. ते काढलं की दोन पुशरॉड दिसतात. एक पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारा. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून ठेवायचा आणि पुशरॉड अंगठा नि तर्जनी यांच्यात धरून फिरवायचे. इनटेकचा सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा त्याहून किंचित मोकळा. काकांनी माझी बोटं धरून आत घातली. गार, तेलकट कांडी चिमटीत फिरली. "आता हा बघ," म्हणत त्यांनी दोन पान्यांमध्ये नट अगदी केसभर फिरवला. तीच कांडी पुन्हा फिरवली, तर चिमटीला जरासा अडसर जाणवला. तेवढाच फरक. गेज लावून हे मोजत नाहीत का, असं मी विचारलं. "बोट खोटं बोलत नाही," ते म्हणाले आणि नट पुन्हा होता तिथे आणला.

मला खरा लळा लागला तो मात्र त्या अँपियर मीटरचा. हेडलाइटच्या वर, हँडलच्या मधोमध, कळीशेजारी एक लहानशी गोल तबकडी असते. डावीकडे उणे, उजवीकडे अधिक, मध्ये शून्य. बॅटरीतून वीज जाते आहे की येते आहे हे सांगणं हे तिचं नेमलेलं काम. काका तिचा उपयोग गाडी चालू करण्यासाठी करतात.

या गाडीला सेल्फ नाही. किक मारावी लागते आणि ती अंगबळावर मारून चालत नाही. पिस्टन चुकीच्या जागी असताना मारली तर किक उलटी फिरते आणि घोट्याला झणझणीत तडाखा देते. म्हणून कळ फिरवायची आणि किक अगदी सावकाश, पाय न झटकता, खाली दाबत न्यायची. काटा डावीकडे झुकलेला असतो, कारण पॉइंट, म्हणजे ठिणगीची वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं, मिटलेले आहेत आणि कॉइलमधून वीज वाहते आहे. एका जागी किक अडते, पिस्टन दाबाला लागतो. इथे डाव्या हाताशी असलेला छोटा डीकॉम्प्रेशनचा खटका ओढायचा. सिलिंडरमधली हवा फुस्स करून सुटते. मग किक अजून थोडी, अगदी थोडी खाली. आणि काटा टचकन उडी मारून शून्यावर येतो. पॉइंट उघडले. पिस्टन माथ्यावर पोचला. खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकदाच, पूर्ण, खालपर्यंत.

काकांनी हे मला चार दिवसांत किती वेळा दाखवलं याचा हिशेब नाही. दर वेळी मी काट्याकडेच बघत होतो. बंद लोखंडाच्या आत काय चाललं आहे ते बाहेर सांगणारा तो एवढासा पत्र्याचा तुकडा. आजच्या गाड्यांमध्ये हेच काम सेन्सर करतात आणि ते संगणकाला सांगतात, चालवणाऱ्याला नाही. इथे गाडी थेट माणसाला सांगते.

पॉइंटचं काम त्याच जातीचं. दोन पॉइंटमधली फट पंधरा थाउ. आणि ठिणगी पडायची ती पिस्टन माथ्याला पोचायच्या पाव सूत आधी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा पाव म्हणजे ०.८ मिलिमीटर. प्लग काढून त्या भोकातून सायकलचा जुना स्पोक आत सोडायचा, तो पिस्टनच्या डोक्यावर टेकतो. स्पोकवर काकांनी कानशीने दोन खुणा केल्या आहेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद ज्या क्षणी सुटून येईल, त्या क्षणी स्पोकची वरची खूण भोकाशी जुळली पाहिजे. काकांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. कागद पानवाल्याकडून येतो.

गाडीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वतंत्र भारताच्या सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती. ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या आणि त्यातून १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सच्या जोडीने एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी केली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, पण मद्रासने तेच इंजिन चालू ठेवलं: सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब म्हणून ठोका संथ, आणि चढावर संथ गतीतही ताकद. १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि २०१० च्या सुमारास ओतीव लोखंडाचं इंजिन थांबलं. इतकी वर्षं आराखडा जवळपास तोच राहिल्यामुळेच काकांची गाडी जगली. १९७६ च्या इंजिनात वीस वर्षांनी बनलेले कितीतरी भाग बसतात.

झाशी हे अशा गाडीसाठी फार मोक्याचं गाव आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिल्चर हे देशाचे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. काकांचा रस्ता ठरलेला होता. बहीण नागपूरला दिलेली, म्हणून दर मे महिन्यात दक्षिणेला: बबिना, तालबेहट, ललितपूर, सागर, बरमानला नर्मदा, लखनादौन, सिवनी, मग खवासाचं जंगल ओलांडून महाराष्ट्र. मे महिन्यातली बुंदेलखंडाची दुपार लोखंडी इंजिनाला सोसत नाही. पहाटे चारला निघायचं, साठच्या वर जायचं नाही, दर ऐंशी किलोमीटरला झाडाखाली थांबायचं. अकराच्या आत जिथे पोचू तिथे मुक्काम, पुन्हा उन्हं कलली की पुढे. नर्मदेत हातपाय धुतल्याशिवाय पूल ओलांडायचा नाही, हा काकूंचा नियम. काकू सोबत असत. झाशीशी जोडलेला एक जुना प्रवासही या घरात आहे: १८५७-५८ च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे कोकणातून निघून याच झाशीत येऊन पोचले होते आणि इंग्रजांच्या वेढ्याच्या दिवसांत इथेच अडकले होते. त्यांचा 'माझा प्रवास' काकांच्या कपाटात गाडीच्या मॅन्युअलशेजारी ठेवलेला आहे. मला तो शेजार अगदी योग्य वाटला.

१९९१ मध्ये लखनादौनच्या अलीकडे गाडी अडखळू लागली आणि बंद पडली. झाकण काढलं तर पॉइंट निळसर जळलेले. कंडेन्सर गेला होता आणि पिशवीतला जादा कंडेन्सर आदल्याच वर्षी कुणाला तरी दिलेला. दीड तासाने एक जीप थांबली. तिच्या चालकाकडे जीपचा जुना कंडेन्सर होता. तो आत मावेना, म्हणून काकांनी तो इंजिनाच्या बाहेर तारेने बांधला, एक वायर पॉइंटला जोडली आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो बाहेर लटकणारा कंडेन्सर पुढे तीन वर्षं तसाच होता. "चालू होता, मग का काढू?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी त्या उन्हात बसले होते हे नाही सांगत ते." दोघंही हसले.

तिसऱ्या दिवशी बोलणं अडचणींकडे वळलं आणि मग तिथून हललंच नाही.

पहिली अडचण भागांची. दुकानात मिळणारे नवे पॉइंट वर्षभरही टिकत नाहीत, टाच झिजते आणि फट मिटते. काका जुने पॉइंट दगडावर घासून परत लावतात. चांगला माल दिल्लीला करोलबागेत शोधावा लागतो. तिथे गाडी नेता येत नाही, कारण राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानीच्या रस्त्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या बंदीमागचं कारण काकांना मान्य आहे. दिल्लीची हवा त्यांनी खाल्ली आहे. ते रेल्वेने जातात, पिशवीत नमुन्याचा जुना भाग घेऊन.

दुसरी पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. जुन्या रबरी नळ्या, कार्बुरेटरची वायसरं फुगतात. हे इंजिन घडलं तेव्हा या इंधनाचा कुणी विचारही केला नव्हता. काकांनी नळ्या बदलल्या. रात्री गाडी लावताना ते पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतात, म्हणजे कार्बुरेटरमध्ये काही उरत नाही. टाकी वर्षातून दोनदा उतरवून पालथी करतात. उपाय आहेत, पण त्यासाठी रोज जागं राहावं लागतं.

तिसरी कागदाची. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. मोटरसायकलसाठी हे शुल्क ३०० रुपये होतं, २०२२ मध्ये १,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २,०००. काकांची मुदत २०२६ मध्ये संपते आणि त्याच साली गाडी पन्नाशीची होते. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते, रोजच्या रस्त्यावर नाही. शेजाऱ्यांनी तसं सुचवलं तेव्हा काका गप्प बसले. मला म्हणाले, "मग तिला बघायचं फक्त? मी बघण्यासाठी नाही ठेवली."

या तीनही अडचणी त्यांनी निवांतपणे सांगितल्या. चौथी काकूंनी सांगितली. काकांच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजली आहे. किक मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी गल्लीतला एक मुलगा येऊन किक मारतो. तो ताकदवान आहे, पण काट्याकडे बघत नाही. पाच-सहा दणके देतो, एखादा लागतो. नातवाला गाडीची हौस आहे, पण त्याचा पाय डाव्या गिअरला सरावलेला. या गाडीचा गिअर उजवीकडे, एक वर आणि तीन खाली, आणि ब्रेक डावीकडे. पहिल्याच दिवशी घाबरून त्याने ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला, गिअर बदलला आणि गाडी ओट्याला जाऊन धडकली. पुढच्या मडगार्डवरचा तो पोचा काकांनी अजून काढलेला नाही. नातू परत बसलाही नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या मनाला एक काळजी लागून राहिली आहे. पाना कुणीही विकत घेईल. ती चिमटीतली ओढ, तो स्पोक, किक कुठे थांबवायची ते, हे सगळं आज त्या घरात एकाच माणसाला येतं, आणि त्या माणसाचा गुडघा दुखतो.

निघायच्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "बस तू." मी बसलो. कळ फिरवली, काटा डावीकडे झुकला. किक हळूहळू खाली नेली, अडली तिथे खटका ओढला. "अजून. अजून थोडी. घाई नको." काटा उडाला आणि शून्यावर थांबला. मी पाय वर घेतला आणि पूर्ण जोराने खाली मारला. काही नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झालं आणि चौकाच्या भिंतींमधून तो संथ, जड ठोका घुमू लागला. काकू दारात आल्या. मी काकांकडे बघितलं, काहीतरी शाबासकी मिळेल म्हणून. त्यांचे डोळे मिटलेले होते. मान जरा कललेली, उजवा कान इंजिनाकडे.

"एक्झॉस्टचा ढिला झाला रे थोडा," ते म्हणाले. "टिक टिक ऐकतोस? कळ बंद कर."

मी बंद केली. त्यांनी पान्यांची गुंडाळी उलगडली, पाट ओढून घेतला आणि सिलिंडरच्या लोखंडाजवळ हात नेऊन ऊब बघितली.

"आता थंड होईपर्यंत थांबायला पडेल. तुझी गाडी किती वाजता आहे?"