आई अभ्यासाला बसली आहे!

मुलाची दहावी असली की घरात काय थाट असतो! टीव्ही बंद, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ असा निरोप आणि पहाटे हातात दुधाचा पेला. पण मैत्रिणींनो, त्याच घरातल्या आईची बी.ए.ची परीक्षा असली तर? ती बिचारी पोळ्या लाटता लाटता ओट्यावरच्या पुस्तकात डोकावत असते!

संसारात पडल्यावर शिकायचं, ही काही नवी टूम नव्हे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने निघालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालत. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. नोकरी, घर सांभाळून पदवी घेण्याची सोय झाली. रस्ता आहे, पाऊल अडतं ते घरात.

मी आठवड्यातून तीन दिवस अशा मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवते. प्रवेश घेताना सगळ्यांना उत्साह असतो. गळती लागते ती मध्येच. मुलाला ताप येतो, नणंदेकडे केळवण निघतं, आणि वर्ग बुडतो तो बुडतोच. एक बाई पहाटे चारला उठून वाचायच्या आणि वर्गात पेंगायच्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “संध्याकाळी सात ते नऊ स्वयंपाकघर माझं. तू इकडे फिरकायचं नाही!” त्या बाई पास झाल्या, हे सांगायला नकोच.

तेव्हा ‘काही लागलं तर सांग हं’ एवढ्यावर थांबू नका. शिकणाऱ्या माणसाला मागायचा संकोच वाटतो. एक काम पुरतं उचला: मुलांचा डबा, शाळेतून आणणं किंवा रात्रीची भांडी. अभ्यासाचा दीड तास घड्याळाप्रमाणे ठरवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलं की तो कधीच मिळत नाही. परीक्षेच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, म्हणजे त्या दिवसांत कुणी हळदीकुंकू ठरवणार नाही. आदल्या आठवड्यात भाजणी, मेतकूट, दोन चटण्या करून ठेवल्या की चार दिवस निभावतात, बरं का!

आणि हे फक्त आईपुरतं नाही. पाळी करून आलेले बाबा पदवीचा अभ्यास करत असतील, तर त्यांनाही घरातला एक शांत कोपरा हवाच. मुलांना शेजारी स्वतःचा अभ्यास घेऊन बसवा, दोघांचंही होतं.

कॉलेजातही विचारायला लाजू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद झाली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही मातृत्व रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करावेत, असं विद्यापीठांना कळवलं. आपल्या कॉलेजात काय नियम आहे, ते कचेरीत लेखी अर्ज करून विचारा.

तुमच्या शेजारी अशी कुणी शिकणारी आई असेल, तर येत्या रविवारी तिच्याकडे जा. नुसतं कौतुक करून परतू नका. तिच्या मुलाचं बोट धरा आणि दोन तास त्याला आपल्या घरी घेऊन या.