दहा फुटांवरची बोटं

ओटीवर बसलेल्या आजीला आशाताई एक डोळा तळव्याने झाकायला सांगते, अंगणात दहा फूट मागे सरते आणि हात वर करते. "आजी, बोटं किती?" आजी अंदाजाने सांगते, "तीन." असतात दोन. चांगल्या डोळ्यालाही या अंतरावरची बोटं मोजता आली नाहीत, तर २०१७ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे ते अंधत्व ठरतं.

महाड-पोलादपूरच्या डोंगरात घरं वाड्यावाड्यांनी विखुरलेली. कर्ती माणसं मुंबईला, गावात म्हातारी. डोळे मंदावले तर "वयच झालं" म्हणून आजी गप्प बसते. पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा, असं २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे आजीची नजर बहुधा परत आणता येण्यासारखी असते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, पण तो उंबऱ्यापर्यंत आणायला गावातलीच बाई लागते. २००५ मध्ये आशा योजना आली, तेव्हा त्याच गावात राहणारी बाई हीच त्या कामाची अट झाली, ती मला फार मोलाची वाटते. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तिच्याकडे फॉर्म असतो, त्यात धूसर दिसण्याचा प्रश्नही असतो. पण कोणाच्या निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले, कोण सुईत दोरा नातीकडून ओवून घेतं, हे तिला फॉर्मआधीच ठाऊक असतं.

दिवाळीच्या सुमाराला भात झोडताना डोळ्यात कूस जातं. बाई पदराने डोळा चोळते, कोणी मध घालतं, कोणी दुकानातून थेंब आणतं. बुबुळावरच्या बारीक ओरखड्यात बुरशी शिरते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ती आणखी फोफावते. मग पडतं फूल, आणि ते मोतीबिंदूसारखं काढून टाकता येत नाही. म्हणून "चोळू नको, काही घालू नको, आजच दवाखान्यात चल" एवढं त्याच दिवशी सांगणारी बाई शेजारी असणं, हा या रोगावरचा मोठा इलाज आहे. बाळांच्या डोळ्यांसाठीही तीच धावते: नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व 'अ' चे नऊ डोस चुकू नयेत म्हणून.

तिला मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. मोबदला वाढावा ही त्यांची मागणी मला रास्त वाटते.

आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायचं, तर पोलादपूरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर. मुलगा मुंबईत, बरोबर कोण जाणार? "बिंदू पिकू दे, थंडीत बघू," आजी म्हणते. पिकायची वाट बघायची गरज नाही, पावसाळ्यातही ऑपरेशन होतं, हे आशाताई पुन्हा पुन्हा समजावते, वेळ पडली तर स्वतः एसटीत शेजारी बसते. परत आल्यावर थेंबांच्या वेळा सांगते, डोक्यावरून पाणी घेऊ नको म्हणून बजावते. मग पुन्हा अंगणात दहा फूट मागे जाऊन उभी राहते. या खेपेला झाकायचा असतो तो ऑपरेशन झालेला डोळा. दुसऱ्याची तारीख ठरायची असते.