सीताफळ टिकवावें कसें?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बीड जिल्ह्यांतील गृहिणींस एक गोड पंचाईत पडते, ती सीताफळांची होय. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर, विशेषतः धारूर व आंबेजोगाईच्या बाजूस, हें झाड आपणहून रुजतें. पाटीभर फळें घरांत येतात. दोन दिवस कोणी त्यांस हात लावीत नाहीं, तिसऱ्या दिवशीं सगळीं एकदम पिकतात आणि चवथ्या दिवशीं निम्मीं गाईपुढें जातात. २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें फळाचें आयुष्य एका दिवसानेंही वाढत नाहीं. डोंगरांतून डोईवर पाटी आणणारी बाई सायंकाळीं मिळेल त्या किंमतीस माल देऊन मोकळी होते, ती यामुळेंच.

नांवावरून हें फळ रामायणकाळचें वाटलें, तरी मूळचें तें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील. हल्लीं शहरांत महाग विकलें जाणारें अव्होकाडोही तिकडचेंच. दोहोंचा स्वभावही एकच: तोडल्यावर घरीं पिकावयाचें आणि गर उघडा पडतांच काळवंडावयाचें. अव्होकाडोच्या ग्वाकामोले नामक चटणींत त्याची कोय ठेवली म्हणजे ती हिरवी राहते, अशी समजूत आहे. वास्तविक कोय जेवढी जागा झांकते तेवढीच हिरवी राहते, कारण तेथें हवा पोंचत नाहीं. गरांतील विकर प्राणवायूच्या साह्यानें रंग पालटवितें, एवढेंच त्यांतील रहस्य.

आतां घरचा उपाय. डोळे उघडून मधल्या घळी पांढुरक्या-पिवळसर झालेलीं फळेंच घ्यावींत. डोळे न उघडलेलें फळ अढींत कितीही दिवस ठेविलें तरी गोड होत नाहीं. अढी एकेरी थराची असावी. पिकणारें फळ इथिलीन नांवाचा वायु सोडून शेजाऱ्यांसही पिकवितें. म्हणून रोज सकाळीं चांचपून तें निराळें काढावें. कच्चें फळ शीतकपाटांत ठेवूं नये. थंडी बाधून साल काळी पडते व गर नीट पिकत नाहीं. पिकलेलें मात्र एक-दोन दिवस तेथें चालतें.

याहून अधिक टिकवावयाचें तर गर काढावा. हें काम एकट्या सुनेवर टाकूं नये. ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्या पुरुषांसही तें सहज साधतें. बिया फोडूं नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. उवांसाठीं ती मुलींच्या डोक्यास लावण्याची जुनी चाल मला तरी सोडून देण्याजोगी वाटते. गरांत लगेच थोडा लिंबाचा रस मिसळावा, लहान पिशव्यांत हवा दाबून काढून भरावा. उणे १८ अंशांच्या शीतपेटींत तो कित्येक महिने राहतो.

गर शिजवूं मात्र नये. उष्णतेनें तो कडवट होतो. बासुंदी पूर्ण निवाल्यावरच त्यांत घालावा, आणि त्यासाठीं राखलेल्या पिशवींत लिंबू थेंबभरच असावें. नाहीं तर दूध फाटावयाचें.