कोपऱ्यात अडकलेले ८३ लाख एकर

बुद्धिबळाच्या पटावर दोन काळी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात. त्या भेटीच्या जागेची रुंदी किती? शून्य. कोपरा म्हणजे बिंदू, आणि बिंदूला ना लांबी ना रुंदी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीचे असे २७,१२० कोपरे आहेत आणि त्यांच्यापलीकडे ८३ लाख एकर सरकारी जमीन अडकून पडली आहे. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतचा आपला अख्खा कोकण विभागसुद्धा त्याहून लहान भरतो. ही मोजणी २०२२ साली ऑनएक्स या नकाशे बनवणाऱ्या कंपनीने केली. शिकारी फोनवर तिचेच नकाशे घेऊन डोंगरात हिंडतात. या जमिनीला सार्वजनिक रस्ता नाही. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जायचं तर कोपऱ्यावरून तिरका पाय टाकायचा. तो टाकताना पाऊल सरकारी मातीतच पडतं, पण खांदा क्षणभर शेजारच्या खासगी मालकाच्या हवेतून जातो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे जवळपास २६ लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या आठपट. नेवाडा राज्याची तर सुमारे ८० टक्के भूमी केंद्राची आहे. राष्ट्रीय उद्यानं बहुतांशी शिकारीला बंद असतात. पण ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची साडेचोवीस कोटी आणि वनखात्याची १९ कोटींहून जास्त एकर जमीन बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खुली आहे. तिथे भटकायला, तंबू ठोकायला, आणि खिशात परवाना असेल तर शिकार करायलाही कुणा जमीनदाराचे पाय धरावे लागत नाहीत. युरोपात शेकडो वर्षं शिकार हा राजेरजवाड्यांचा आणि सरदारांचा हक्क होता. ट्रकचालकाला आणि उद्योगपतीला एकाच डोंगरावर सारखा हक्क ही कल्पना मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती कुठे कुठे पोखरली जाते ते नीट पाहायला हवं.

पटावरचे हे चौकोन आले रेल्वेमुळे. १८६२ च्या कायद्याने लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना जमीन देण्यात आली. रुळांच्या दोन्ही अंगांना १० मैलांपर्यंत चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे तुकडे पाडले. विषम क्रमांकाचे कंपनीला, सम क्रमांकाचे सरकारकडे. १८६४ साली हा पट्टा २० मैलांचा झाला. कंपन्यांनी आपले चौकोन विकले, आणि ज्याने ते सलग विकत घेतले त्याच्या ताब्यात मधले सरकारी चौकोनही फुकटात आले. १८८५ मध्ये सरकारी जमीन कुंपणात कोंडायला बंदी करणारा कायदा झाला खरा, पण वाटेचा प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडे शेताला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो आणि बांधावरून रस्ता मिळू शकतो. वायोमिंगमधल्या लिओ शीप खटल्यात मात्र १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रेल्वेला जमीन देताना सरकारने स्वतःसाठी वाट राखूनच ठेवली नव्हती.

याच वायोमिंगमध्ये एल्क माउंटन नावाचा ११ हजार फुटांहून उंच डोंगर आहे. त्याच्या भोवतीचं २२ हजार एकरांचं रँच नॉर्थ कॅरोलायनातल्या एका औषध उद्योजकाचं. २०२१ च्या शिकारीच्या हंगामात मिसुरी राज्यातून चार मित्र तिथे आले. कोपऱ्यावर मालकाने दोन खांब रोवून, मधे साखळी टाकून ‘प्रवेश बंद’ची पाटी लटकवली होती. या चौघांनी लोखंडी शिडी करून आणली होती. तिचे दोन पाय एका सरकारी चौकोनात, दोन पलीकडच्या सरकारी चौकोनात. चढले, उतरले. खासगी मातीचा कण बुटाला लागला नाही. तरीही त्यांच्यावर घुसखोरीचा गुन्हा दाखल झाला. ज्यूरीने २०२२ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं, पण मालकाने दिवाणी दावाही लावला होता. असे लोक कोपऱ्यावरून येऊ लागले तर रँचची किंमत उतरेल, आणि ते नुकसान ७० लाख डॉलरहून अधिक, असं त्याचं म्हणणं. या एका आकड्यात सगळा मामला उघडा पडतो. ती किंमत त्याच्या स्वतःच्या गवताची, गोठ्यांची नव्हती. जनतेच्या जमिनीवर जनतेला येऊ न देण्याची होती.

जिल्हा न्यायालयात २०२३ मध्ये आणि दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात मार्च २०२५ मध्ये शिकारी जिंकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. वायोमिंगसह सहा राज्यांत निकाल कायम झाला. शेजारच्या माँटानात तो लागू नाही. तिथलं वन्यजीव खातं अजून सांगतं, की कोपरा ओलांडणं बेकायदाच आहे.

वाट मिळाली तरी शिकारीला टॅग लागतो. टॅग म्हणजे एका जातीचं एक जनावर, ठरलेल्या टापूत, ठरलेल्या दिवसांत मारण्याचा परवाना. जमीन केंद्राची असली तरी वन्यप्राणी राज्याचे, म्हणजे त्या राज्यातल्या जनतेचे मानले जातात. न्यू जर्सीचा माणूस वायोमिंगच्या डोंगराचा सहमालक असतो, त्यावर चरणाऱ्या एल्क हरणाचा मात्र पाहुणा. न्यू मेक्सिकोत सोडतीने वाटल्या जाणाऱ्या टॅगपैकी ८४ टक्के स्थानिकांना, १० टक्के पैसे देऊन वाटाड्या नेमणाऱ्यांना, उरलेले ६ टक्के बाहेरच्यांना. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न मेंढा, मूस अशा दुर्मीळ शिकारींसाठी २०२२ पासून स्थानिकांचा वाटा ९० टक्के आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. त्या जनावरांसोबत वर्षभर राहतात ते तिथलेच लोक. खटकतं ते वेगळंच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाचा एल्क टॅग ६९२ डॉलरचा, पण २०२४ पासून १,९५० डॉलरचा ‘स्पेशल’ अर्ज भरला की वेगळ्या रांगेत उभं राहता येतं. ती रांग सहसा आखूड असते. जनावर तेच, डोंगर तोच.

सोडतीचं गणित तर चक्रावून टाकतं. बिगहॉर्नच्या टॅगसाठी शंभरात एक संधी म्हणजे चांगली संधी. अशा सोडतीत एखाद्याने विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत, ४० वर्षं न चुकता अर्ज भरला तरी एकदाही नंबर न लागण्याची शक्यता ६७ टक्के राहते. दोनशेत एक संधी असेल तर ८२ टक्के. पाचांतले चार जण आयुष्यभर पैसे भरून रिकाम्या हाताने जाणार.

यावर उपाय म्हणून अनेक राज्यांनी पॉइंट आणले: नंबर लागला नाही की एक पॉइंट. नेवाडा आणि माँटाना तर पॉइंटांचा वर्ग करतात. वीस पॉइंटवाल्याच्या नावाने सुमारे ४०० चिठ्ठ्या, एक पॉइंटवाल्याच्या एक-दोनच. काही ठिकाणी सरळ ज्येष्ठतेची रांग असते. समजा एका टापूत वर्षाला पाच टॅग निघतात आणि तुमच्या पुढे हजार माणसं आहेत. तुमची पाळी यायला २०० वर्षं लागतील. दरवर्षी पुढच्यांचेही पॉइंट वाढत असल्यामुळे लागणाऱ्या पॉइंटांचा आकडा तुमच्यापुढे पळत राहतो. तिथले शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. आज बारा वर्षांची एखादी मुलगी अर्ज भरायला बसली तर ती जन्मण्याआधीच तिची पाळी हुकलेली असते. आयडाहो आणि न्यू मेक्सिको पॉइंट ठेवतच नाहीत. जुन्या-नव्या अर्जदारांच्या चिठ्ठ्या दरवर्षी नव्याने एकाच भांड्यात. माझ्या मते तीच खरी न्यायाची पद्धत.

एक दार मात्र गणिताला जुमानत नाही: लिलाव. २०१३ साली माँटानाचा एक बिगहॉर्न टॅग ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. जानेवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या टॅगला १३ लाख डॉलर मिळाले, म्हणजे सुमारे ११ कोटी रुपये. एक मेंढा! हा पैसा मेंढ्यांच्या संवर्धनावर खर्च होतो, आणि त्याने काम झालं आहे हे मी नाकारत नाही. पण त्याच माँटानात सुपरटॅगची लॉटरी आहे: तिकीट ५ डॉलर, हवी तेवढी घ्या. २०१३ च्या त्या लिलावाच्या रकमेत अशी ९६ हजार तिकिटं येतात. तोच पैसा हजारो खिशांतून पाच-पाच डॉलरनी गोळा झाला तर मेंढ्याला काय फरक पडतो? जनतेला पडतो.

आता या सगळ्यात शिकारी सेलिब्रिटी. स्टीव्हन रिनेलाचा ‘मीटईटर’ हा शिकारीचा कार्यक्रम २०१२ मध्ये टीव्हीवर सुरू झाला आणि पुढे नेटफ्लिक्सवर पोहोचला. पॉडकास्टर जो रोगन एल्कच्या शिकारीचे किस्से कोट्यवधी श्रोत्यांना सांगतो. टॅगची संख्या जनावरांच्या मोजणीवरून ठरते, प्रेक्षकांच्या नाही. चित्रफितीत एखादी दरी सुंदर दिसली की अर्ज वाढतात, टॅग तेवढेच राहतात. हा आरोप करणाऱ्यांत स्टीव्हनचा थोरला भाऊ मॅट रिनेलाच पुढे आहे. तो माँटानात राहणारा परिसंस्थाशास्त्रज्ञ. शिकारीचा कॅमेऱ्यासमोरचा धंदा थांबवा, असं सांगणारी ‘हंट क्वाएटली’ ही चळवळ त्याचीच. सख्ख्या भावांत असा मतभेद, तोही जाहीर.

मला दोघांचंही पटतं, आणि त्याला कारण २०२५ चा जून महिना आहे. युटाहचे सिनेटर माइक ली यांनी ११ राज्यांतली २२ ते ३३ लाख एकर सरकारी जमीन विकण्याची तरतूद एका विधेयकात घातली. वरचा आकडा धरला तर गोव्याच्या साडेतीनपट जमीन. तेव्हा हेच प्रसिद्ध चेहरे, रिनेला, धनुर्धारी कॅमेरॉन हेन्स, रोगन, उघडपणे विरोधात उभे राहिले. त्यांचे चाहते मोठ्या संख्येने ली यांच्याच पक्षाचे मतदार असल्यामुळे फोन नेमके जिथे खणखणायला हवे तिथे खणखणले. महिना संपायच्या आत तरतूद मागे घेतली गेली.

म्हणून त्यांनी गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी करायलाच हवी: प्रत्येक चित्रफितीच्या सुरुवातीला टॅग कसा मिळाला ते सांगावं. सोडतीत लागला, किती वर्षांनी. जमीनमालकाकडून विकत घेतला, केवढ्याला. लिलावात घेतला की प्रायोजकाने दिला. जमीन सरकारी की खासगी. पडद्यावरचा माणूस दर सप्टेंबरला नव्या डोंगरावर नवा नर एल्क पाडताना दिसतो, आणि एकोणिसाव्या वर्षीही नंबर न लागलेला प्रेक्षक समजतो की आपलीच चिकाटी कमी पडली.